लॅपटॉपची हळद

पाथरीच्या बसस्टँडसमोर ‘बालाजी फ्लेक्स’ नावाचं दुकान आहे. गंमत अशी, की ज्याच्या नावाचं दुकान त्या बालाजीला साधा माऊस धरता येत नाही. तो पाथरी-परभणी जीप चालवतो. दुकान त्याच्या वडिलांचं, बन्सीधररावांचं. त्यांना गिऱ्हाइकाशी गोड बोलता येतं आणि समोरच्या टपरीवर बोटानं खूण करून चहा सांगता येतो. बाकी वाढदिवसाचे, निवडीचे, बारशाचे, पुण्यस्मरणाचे सगळे बॅनर बनवायची ती साक्षी. बालाजीची धाकटी बहीण, इयत्ता दहावी. शाळा सुटली की दप्तरासकट थेट दुकानात.

पाटीवर आपलं नाव नाही हे साक्षीला कधी खुपलं नव्हतं. पाटी दादाची असेना का, खुर्ची तिची होती.

आणि त्या खुर्चीसमोरचा लॅपटॉप तर तिचाच होता, कारण तो दुसऱ्या कुणाचं ऐकायचाच नाही. एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासकडून पप्पांनी तो आणला तेव्हाच तो म्हातारा होता. बटण दाबायचं, चहा सांगायचा, चहा यायचा, पिऊन व्हायचा, कप परत जायचे, तेव्हा कुठं पडद्यावर जरासा उजेड पडायचा. खाली हवा लागावी म्हणून दोन काडेपेट्या. डाव्या अंगानं खर्र खर्र आवाज यायला लागला की कोपऱ्याला धरून थोडा उचलायचा आणि पाठीवर हलकेच थोपटायचं. एका वेळी एकच काम सांगायचं. दुसरं सांगितलं की स्वारी रुसलीच. मारका बैल जसा घरातल्या एकाच गड्याला जुमानतो, तसा तो साक्षीला जुमानायचा.

शेजारचा मोबाइलवाला एकदा बसून गेला, हात टेकून उठला. बन्सीधरराव तर त्याच्या जवळूनही जपून जायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, “बसा जरा. पोरगी शाळेतून येऊ द्या.” आणि मोठमोठी फेटेवाली माणसं बाकड्यावर बसून दहावीतल्या पोरीची वाट बघायची. असं सुख कुणाला मिळतं सांगा.

वैशाखात दादाचं लग्न झालं आणि राजेश्रीवहिनी घरात आली.

वहिनी चुडाव्याची. रोज रेल्वेनं नांदेडला जाऊन बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली. सुरुवातीला साक्षीला ती फार आवडली. तिच्या साड्या बघायच्या, तिच्याकडून वेणी घालून घ्यायची, तिनं आपल्याला “साक्षीताई” म्हणताना ऐकायचं. एवढी शिकलेली बाई आपल्याला ताई म्हणते म्हणून साक्षी चार बोटं वर चालत होती.

मग एक दिवस वहिनी डबा घेऊन दुकानात आली.

साक्षीनं नुकतंच बटण दाबलं होतं. वहिनीनं डबा ठेवला, बांगड्या मागं सारल्या आणि काळ्या पडद्याकडं बघत उभी राहिली. बराच वेळ.

“ताई, हे बंद पडलंय का?”

“न्हाई. चालू व्हायलंय.”

“एवढा वेळ?”

“त्याचं वय झालंय, वहिनी.”

“वय व्हायला ते काय माणूस हाय?” वहिनी हसली. मग खाली वाकून त्या खर्र आवाजाला कान लावला. “ह्यात कायतरी अडकलंय. उघडून बघू?”

साक्षी नको म्हणायच्या आत पप्पा म्हणाले, “बघ की. लेकीसारखी तू, विचारतीस कामून?”

वहिनीनं मोबाइलवाल्याकडून बारीक स्क्रू-ड्रायव्हर मागून आणला आणि लॅपटॉप बंद करून पालथा केला. साक्षीनं त्याला असं पालथं कधी बघितलं नव्हतं. झाकण निघालं, आणि पंख्यातून वहिनीनं चिमट्यानं जे बाहेर काढलं ते बघायला बाकड्यावरचं गिऱ्हाईकसुद्धा उठून आलं. धुळीची जाड घडी होती. पण रंग कसला? भगवा. मध्ये पिवळं, कडेला लाल, आणि त्यात रुतून बसलेले तांदळाचे दाणे.

“हे काय?” वहिनी म्हणाली.

साक्षीला लगेच कळलं. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा व्हायची. दादाच्या जीपपुढं नारळ फुटायचा, शेतातल्या कोयत्याला, कुदळीला आई कुंकू लावायची आणि लॅपटॉपची पूजा साक्षीची. ती दर वर्षी जिथून गरम हवा बाहेर येते ना, त्या फटींवर हळदकुंकू लावायची. तिथून तो श्वास घेतो, म्हणजे तिथंच त्याचा जीव, असं तिचं मत. वर अक्षता. मन लावून, चिमूट भरून.

तेवढ्यात जीप उभी करून दादा आला. त्यानं ती घडी बघितली आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, “हळद तर लागली ह्याला. आता चांगला मुहूर्त बघून लगीन लावून टाका.”

सगळे हसले. पप्पा डोळे पुसून हसले. वहिनीनं हसू दाबायचा प्रयत्न केला, आणि ते तर साक्षीला जास्तच लागलं. साक्षीही हसली, कारण न हसून काय करते?

पुढच्या आठवड्यात वहिनीनं लॅपटॉपची सगळी दशाच पालटली. दादाकडून परभणीहून नवी रॅम मागवली. लॅपटॉप सुरू होताना आपोआप उघडणारी, कुणी न बोलावलेली सतरा भानगडींची सॉफ्टवेअर बंद केली. जुना कचरा काढला. काडेपेट्या उचलून आईकडं चुलीपाशी दिल्या. आणि एका संध्याकाळी साक्षीनं सवयीनं बटण दाबून टपरीकडं बोट केलं, तर चहावाल्यानं मान हलवायच्या आत पडदा लख्ख.

“बघितलं का?” पप्पा म्हणाले. “आता कुणीबी बसावं ह्याच्यावर.”

कुणीबी. साक्षीच्या कानात तो शब्द डासासारखा शिरला आणि तिथंच राहिला.

खरंच कुणीही बसू लागलं. पप्पा बसून जुने फोटो बघू लागले. दादा जीपच्या फेऱ्यांमध्ये बसून रील बघू लागला. मोबाइलवाला येऊन कौतुक करून गेला. आणि गिऱ्हाईक? साक्षी शाळेतून धावत यायची, तोवर बॅनर तयार. वहिनीच्या बांगड्या कीबोर्डवर किण किण वाजत असायच्या. खुर्ची रिकामी असली तरी उबदार असायची, आणि त्या उबेचाच साक्षीला राग यायचा.

आपण किती वर्षं त्याला थोपटलं, त्याच्या खोड्या पाठ केल्या. आणि हा? दोन चिमटे काय लावले, लगेच परक्याचा झाला. लॅपटॉपसुद्धा इतका बेइमान असावा! आरशात बघून ती स्वतःला सांगायची, की मी जळत नाहीये, मला फक्त वाईट वाटतंय. आरसा काही बोलायचा नाही.

एका रात्री जेवताना पप्पा म्हणाले, “साक्षी, तू आता दहावीचं बघ. दुकान राजेश्री बघंल. तुला खामखा ताण नको.”

“मला ताण न्हाई,” साक्षी म्हणाली.

“तरीबी. दिवाळीपासून तू खुर्ची सोड.”

आईनं तिच्या ताटात न मागता दुसरी भाकरी टाकली. म्हणजे आईलाही कळलं होतं. त्यानं तर अजूनच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेली, तर वहिनी कपाळाला आठ्या घालून बसलेली. “ताई, बरं झालं आल्या. सगळं जोरात चालतंय, पण डिझाइनचं सॉफ्टवेअर अजून रेंगाळायलंय. बघा, किती फॉन्ट टाकलेत ह्यात! उघडताना बिचारं सगळे मोजत बसतंय.”

फॉन्ट म्हणजे अक्षरांचे साचे. फ्लेक्सच्या धंद्यात जो तो ते दुसऱ्याकडून घेतो, तिसऱ्याला देतो. लॅपटॉपमध्ये साक्षीनं असे ढीगभर जमवले होते. त्यांची खरी नावं म्हणजे नुसते आकडे, म्हणून तिनं मनातल्या मनात स्वतःची नावं ठेवली होती. शेपट्या वर गेलेला तो ‘पाटलाची मिशी’. वेटोळ्या अक्षरांचा ‘जिलबी’. जाडजूड, छाती पुढं काढलेला ‘निवडून आलो’. ही नावं तिनं कुणालाच सांगितली नव्हती. सांगितली असती तर दादानं महिनाभर चिडवलं असतं.

“ह्यातले कोणते लागतात, सांगता का?” वहिनी म्हणाली. “बाकीचे काढून टाकते.”

साक्षीला पुरतं माहीत होतं. फॉन्ट काढला की जुन्या बॅनरच्या फाइलींमधली मराठी अक्षरं मोडतात, त्यांचा काला होतो. वहिनीला कॉलेजात हे कुणी शिकवलं नसणार, तिथं कोण पुण्यस्मरणाचे बॅनर करतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“तुमी शिकलेल्या,” साक्षी दप्तराचा बंद खेळवत म्हणाली. “तुमाला जे बरं वाटंल ते करा.”

वहिनीनं तिच्याकडं जरा थांबून बघितलं. “नक्की?”

“मला काय विचारायलात? खुर्ची तुमची.”

मात्र वहिनी पाणी प्यायला मागं गेली, तेवढ्यात साक्षीनं सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर उतरवून घेतले आणि पेनड्राइव्ह कंपासपेटीत कर्कटकाखाली दडवला. परत आल्यावर वहिनीनं आपल्या अंदाजानं बरेचसे काढून टाकले. होऊ दे काला. येऊ दे एखादं जुनं गिऱ्हाईक. मग बघू कोण कुणाची वाट बघतंय बाकड्यावर बसून.

गिऱ्हाईक आलं ते आश्रुबाकाका. आडदांड शेतकरी माणूस, पण दुकानाची पायरी चढताना चपला बाहेर काढणारा. त्यांचे वडील लिंबाजीअप्पा दोन वर्षांमागं गेले. मागच्या साली त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाचा बॅनर साक्षीनंच केला होता.

“बन्सीभाऊ, उद्या सकाळी अप्पाचं कीर्तन हाय,” काका म्हणाले. “मागच्या साली केल्तं तेच करा. फक्त पहिल्याच्या जाग्यावर दुसरं करा.”

“लगेच होतंय,” पप्पा ऐटीत म्हणाले. “आता आमचं मशीन बघा कसं पळतंय.”

साक्षी बाकड्याच्या टोकाला गणिताचं पुस्तक उघडून बसली होती. पुस्तक उलटं होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

वहिनीनं फाइल उघडली. क्षणात उघडली. झेंडूच्या हाराच्या चौकटीत लिंबाजीअप्पांचा फोटो तसाच होता. मात्र खाली जिथं त्यांचं नाव होतं, तिथं उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, स्वल्पविराम आणि मध्येच एक डॉलर.

काकांनी वाकून बघितलं. “हे काय वो? अप्पा जन्मात कधी विंग्रजी बोलले न्हाईत.”

वहिनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं हे दाबलं, ते दाबलं. लॅपटॉप फक्त हरवलेल्या फॉन्टचा आकडा दाखवत होता आणि तो आकडा नेटवर कुठंच सापडेना. मग तिनं भराभर सगळा मजकूर दुसऱ्या अक्षरात टाइप केला. सुबक, सरळ, एकाही चुकीशिवाय. “हे चालंल का, काका?”

काकांनी मान तिरकी केली. “अक्षर चांगलंच हाय, बाई. पर लय कडक झालं. मागच्या साली कसं गोल गोल होतं. अप्पा हसायलेत असं वाटायचं. आईनं तो बॅनर अजून घडी घालून पेटीत ठेवलाय.” पुन्हा पडद्याकडं बघून म्हणाले, “हे अक्षर तलाठ्याच्या नोटिशीवानी वाटायलंय.”

बाहेर बसचा कंडक्टर ‘मानवत, मानवत’ असा गावाच्या नावानं ओरडत होता. पप्पांनी खाकरून विचारलं, “राजेश्री, पहिलं अक्षर गेलं कुठं?”

हाच तो क्षण. साक्षी ह्याचीच तर वाट बघत होती. तिनं पुस्तक मिटलं, कंपासपेटी उघडली आणि रुबाबात लॅपटॉपजवळ गेली. “सरका,” ती म्हणाली. वहिनी सरकली. खुर्ची उबदार होती, पण आज ती ऊबही गोड लागली.

पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर सगळे फॉन्ट ओळीनं उभे राहिले, जणू गणवेश घालून प्रार्थनेला उभी असलेली पोरं. काकांना हवा होता तो एकच. पण साक्षीनं सगळेच निवडले. सगळे परत टाकले की सॉफ्टवेअर पुन्हा रेंगाळणार, पुन्हा चहा येऊन कप परत जाणार, पुन्हा कुणीबी बसू शकणार नाही. एक बटण दाबायचं, बस. बोट बटणावर होतं.

आणि मागून वहिनीचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“मामा, चूक माझीच झाली. न विचारता काढून टाकले मी. नीट विचारायला पायजे होतं.”

साक्षीचं बोट तसंच राहिलं.

न विचारता? वहिनीनं तर विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. सासऱ्यासमोर, परक्या माणसासमोर तिनं सगळा दोष उचलून आपल्या पदरात टाकला होता. साक्षीनं वळून बघितलं, तर वहिनीची नजर उघड्या कंपासपेटीवर होती. म्हणजे तिला कळलं होतं. कळूनही गप्प.

पप्पांचा चेहरा लगेच मऊ झाला. “असू दे, बाई. नवीन हायस. होतंय.” आश्रुबाकाकाही मान डोलवत म्हणाले, “चूक मान्य करायला बी मोठं मन लागतं.”

साक्षीला हे काही सहन होईना. लॅपटॉप जोरात पळवला तो हिनं. हुशार ही. सुबक ही. आणि आता चांगली पण हीच? मी इथं अप्पांचं अक्षर कंपासपेटीतून काढून आणलंय आणि मोठं मन हिचं? नाही. एवढं सगळं एकटीनं घेऊन जाऊ देणार नाही.

“खोटं बोलायलात त्या,” साक्षी म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

“त्यांनी विचारलं होतं मला. मीच सांगितलं न्हाई. मुद्दाम.” आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. “आणि फॉन्ट मीच लपवून ठेवले होते. त्यांची काहीच चूक न्हाई. सगळी माझीय.”

चूकसुद्धा तिनं अशी हिसकावून घेतली, जशी ताटातली शेवटची भजी. पप्पा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. वहिनीनं पदराचं टोक तोंडाला लावलं, आणि साक्षीला वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

“घरी चल, मग बघतो तुज्याकडं,” पप्पा म्हणाले.

“ते तुमी घरी बघा, बन्सीभाऊ,” आश्रुबाकाका म्हणाले. “आधी अप्पाचं बघा. मला शेवटची गाडी धरायचीय.”

साक्षीनं पडद्याकडं बघितलं. सगळे फॉन्ट अजून निवडलेलेच होते. तिनं ते सोडले आणि एकच उचलला. गोल, हसरा, ज्याला ती मनात ‘पुरणपोळी’ म्हणायची. फाइल पुन्हा उघडली. इंग्रजी अक्षरं, टक्के, डॉलर सगळं पळालं आणि झेंडूच्या हाराखाली पहिल्यासारखं नाव उमटलं.

काकांनी पुढं येऊन पडद्याला बोट लावलं, मग तेच बोट कपाळाला. “हे. हे अप्पा.”

बॅनर घेऊन ते गेल्यावर वहिनीनं स्टूल ओढून खुर्चीला लावलं. “आता सांगा,” ती म्हणाली. “अजून कोणते कोणते लागतात? नाव काय ठेवलंय ह्याचं?”

“कुणाचं?”

“ह्या फॉन्टचं. तुमी काम करताना पुटपुटत असता. मी ऐकलंय. मिशी कुणाची?”

साक्षीच्या गालांना आग लागली. तरी तिनं सांगितलं. एकेक करत, आधी रुसून, मग चवीनं. वहिनी लागणारे ठेवत गेली आणि बाकीचे पेनड्राइव्हवरच राहिले. लॅपटॉप तसाच पळत राहिला. पप्पांनी दिवाळीचा विषय काढला नाही, पण मागंही घेतला नाही, आणि साक्षीनं विचारायची हिंमत केली नाही.

खंडेनवमी आली. दादाची जीप धुऊन झाली, नारळ फुटला. मग पप्पांनी पूजेचं ताट उचललं आणि म्हणाले, “लॅपटॉपची पूजा औंदा राजेश्री करंल. नव्या सुनेचा पहिला दसरा हाय.”

बरोबरच होतं. तरी साक्षीची नजर ताटावरून हलेना. वहिनीनं आधी लॅपटॉपच्या फटींवर फ्लेक्सचा एक तुकडा चिकटवला, मग झाकणावर, अगदी मधोमध, एक नीटस बोट हळदीचं आणि एक कुंकवाचं. किती सुबक! तेही सुबकच.

“झालं का?” पप्पा ताट घ्यायला पुढं झाले.

“थांबा,” साक्षी म्हणाली. तिनं ताट त्यांच्या आधी धरलं. चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू घेतलं आणि खुर्चीच्या पाठीवर ठसठशीत बोट ओढलं. वर अक्षता. बसायच्या जागेवरही थोड्या.

“खुर्चीची पूजा करतं का कुणी?” दादा म्हणाला.

“अवजाराची करतेत ना? हे माझं अवजार हाय.”

पप्पांनी तिच्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. मग आपल्या हातातलं झेंडूचं फूल खुर्चीच्या हातावर ठेवलं. दिवाळीपासून खुर्ची सोडायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पूजा केलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नसतं. म्हणून खुर्ची दिवसभर रिकामी राहिली आणि दोघी दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देत राहिल्या. समोर बसस्टँडच्या भिंतीवर, खांबांवर, टपऱ्यांवर दसऱ्याच्या शुभेच्छांचे बॅनर दाटीवाटीनं लटकले होते.

“ते बघा, जिलबी,” साक्षी बोट करून म्हणाली. “आणि तो पलीकडचा, निवडून आलो.”

“आणि तो?” वहिनीनं मान पुढं केली. “टपरीवरचा? पाटलाची मिशी ना?”

बरोबर होतं. पहिल्याच झटक्यात.

साक्षीनं चहाचा घोट घेतला. “न्हाई,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, नाइलाजानं, “तसा तोच हाय. पण मिशी जरा कमी ताव दिलेली.”